खोप्याला बाहेरून कडी नसावी

शाळेच्या जिन्याखालचा खोपा. दिवसाचा क्रम लावायची फळी आणि तिच्यावरच्या चित्रांच्या लाकडी पाट्या. पाय टेकवून झुलवता येईल असा दांडा बसवलेली बाके. खुर्च्यांचे पाय फरशीवर किंचाळू नयेत म्हणून शिवलेले फेल्टचे मोजे. आणि घंटा होण्याआधी पेटणारा पिवळा दिवा. एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातांनी घडवल्या. मी व्यवसायाने सुतार, वय त्रेपन्न, शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे लाकडाने शिकवले. डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, कोणी पढवलेले नाही. आजारीही नाही, पण माप कापण्याआधी घ्यावे, मागाहून नव्हे. वकिलांनी केलेल्या मृत्युपत्राच्या मसुद्यात घर आधी होते आणि काम नंतर. तो क्रम मी उलटा केला आहे.

१. राहते घर पत्नीला. ते तिनेच उभे केले. मी फक्त दारे नीट बसवली.

२. बचत निम्मी थोरल्या मुलाला, निम्मी धाकट्या मुलीला. मुलीचा हिस्सा थोरल्याने सांभाळावा, पण खर्च तिला विचारून. विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. ती उशिरा बोलते, उगाच बोलत नाही.

३. कार्यशाळा व हत्यारे धाकटीला. तिला स्वमग्नता आहे, लोक ऑटिझम म्हणतात ती. माझ्यामागे या हत्यारांना हात लावायची लायकी तिचीच. पटाश्या ती मापाने लावत नाही, टिचकी मारून येणाऱ्या आवाजाने लावते. कोणीही त्या 'नीट' लावू नयेत. अपवाद म्हणून सपाटी तपासायची पाणसळ मेहुण्यांना द्यावी. त्यांनी स्वतः ठोकलेल्या फळीवरून अजून वाट्या घसरतात, आणि ते दोष वाट्यांना देतात.

४. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांना एक लोखंडी कडी, स्क्रूंसह. धाकटी तिसरीत होती. वाद्यांच्या तालमीचा गोंगाट सहन होईना म्हणून कान झाकून ती जिन्याखालच्या नकाशांच्या कपाटात शिरली. तिथे तिला बरे वाटत होते. 'मुलगी सुरक्षित राहावी' म्हणून मुख्याध्यापकांनी बाहेरून कडी घातली आणि मला निरोप धाडला. मी पोहोचलो तेव्हा ती आतून दारावर डोके आपटत होती. कडी सरकवून तिला बाहेर काढले, आणि मग दारच बिजागऱ्यांसकट उतरवले. ते म्हणाले, "अहो, शाळेची मालमत्ता आहे ती." मी म्हणालो, "आणि मुलगी माझी आहे." कडी खिशात घालून आणली. त्यांची त्यांना परत. तेल लावून ठेवली आहे. गंज दिसला तर तो त्यांच्या घरचा समजावा.

५. त्या कपाटाच्या जागी मी खोपा बांधला. हे नाव पोरांनी दिले. पहिला खोपा सगळ्यांनी नावाजला : भडक पिवळा, आत फुगे रंगवलेले, व्हरांड्याकडे मोठी काच. धाकटी त्यात पाऊल टाकीना. तेव्हा शाळेत नव्या विशेष शिक्षिका आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. काचेतून डोकावून त्या म्हणाल्या, "दादा, हे पोरांसाठी केलंत की पाहुण्यांसाठी?" आठवडाभर मी नुसते सांधेच तपासत राहिलो. मग काच काढली, आतून राखाडी रंग दिला, भिंतींना फेल्ट लावले. धाकटी आत जाऊन बसली, आणि मधल्या सुट्टीनंतर आपणहून वर्गात परतली. रंग चुकला होता. सांधे पहिल्यापासून बिनचूक होते, हे नमूद करतो. बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितले की खोपा सगळ्यांचा. डोके जड झाले की जायचे, हलके झाले की यायचे, कारण कोणी विचारायचे नाही. आता गणिताचे सरही जातात.

६. खोप्याचे आराखडे मागेल त्या शाळेला फुकट द्यावेत. खोपा वर्गांजवळ असावा, मागच्या अंगणात नव्हे. दार आतून एका बोटाने ढकलले की उघडले पाहिजे. बाहेरून कडी, कोयंडा, कुलूप यांतले काहीही लागले तर परवानगी रद्द, आणि थोरल्याने माझा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे जावे. भांडू नये. नुसते काढून आणावे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

स्थळ : माझी कार्यशाळा, मोठे टेबल
दिनांक : ४ मार्च २०२४
सही : सुतार
साक्षीदार एक : बाई (सही)
साक्षीदार दोन : शेजारचा वेल्डर (सही खालच्या पुरवणीनंतर)

पुरवणी. वेल्डर पेन हातात घेऊन अडून बसला आहे. म्हणतो, कंपनीची गोष्ट आकड्यासकट लिही, नाहीतर उद्या लोक म्हणतील याला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून लिहितो.

शाळांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीला आराखड्यांचे हक्क हवे होते. त्यांचा माणूस नमुना घेऊन इथेच आला. खोपा हुबेहूब माझा; फक्त दारावर बाहेरून चकचकीत कडी. कडीशिवाय शाळा घेत नाहीत, म्हणाला. आकडा ऐकून थोरल्याने मला बसायला खुर्ची दिली, आणि मी बसलो. पेनाचे टोपणही काढले होते. धाकटीने रंधा खाली ठेवला, नमुन्याभोवती एक फेरी मारली, कडी वर-खाली करून पाहिली.

"ही बाहेरून लागते?"

"हो ना, ताई," माणूस म्हणाला.

"मग हा खोपा नाही. कपाट आहे."

आणि ती पुन्हा रंधा मारायला गेली. मी टोपण लावले. त्याला म्हटले, कडी काढा आणि फुकट न्या. फुकट न्यायची त्याची तयारी नव्हती.

नाकारलेली रक्कम, अक्षरी : अठरा लाख फक्त.