न हलणारी लव

९ ऑक्टोबर १९७७
"पोरगी तुमच्या भरवशावर देतो बाई, त्याईच्या नाही." गंगूची आई म्हणाली होती. मला मूल नाही म्हणून यांच्यासाठी दुसरी बायको पाहायला केनवडला मीच गेले. गंगूला पसंतही मीच केलं. तिलाही मूल नाही. आज यांचा खोकला दाखवायला नागपूरला निघालो आणि गाडीत सारखं तेच आठवत राहिलं.

१० ऑक्टोबर, नागपूर
छातीचा फोटो पाहून दवाखान्यातला माणूस म्हणाला, उलटा धरलाय. नव्हता. यांचं काळीज उजवीकडे!

डॉक्टर तरुण. परदेशात हे नुकतंच कळलंय म्हणाले. श्वासनळीला आतून बारीक लव असते. ती हलत राहते, कफ वर ढकलते. लवेत प्रथिनांचे इवलेसे हात असतात, ते ओढतात म्हणून ती वाकते. हे हात कसे घडवायचे ते आईबापांकडून आलेल्या जनुकांत असतं. यांच्यात ते दोन्हीकडून बिघडलेलं आलं — सासूसासरे आते-मामेभावंडंच होती. पोटातल्या बाळाचं काळीज कुठल्या बाजूला जायचं, तेही बहुधा ही लवच ठरवते.

मग आवाज खाली आणून म्हणाले, पुरुषबीजाची शेपटीही त्याच घडणीची. तपासलं. बीज जिवंत आहे, पण जागचं हलत नाही.

हे उठून बाहेर गेले. मला आधी हलकं वाटलं. इतकं हलकं, की लाज वाटावी. मग गंगू आठवली.

११ ऑक्टोबर
परतीच्या गाडीत हे एवढंच बोलले — "घरी तोंड उघडजो नको."

१२ ऑक्टोबर
मूल व्हावं म्हणून गावातली सुईण हिरीबाई गंगूसाठी काढा देते. गंगू तो घेते आणि ओकते. आज हे समोर बसलेले. पेला मीच नेला.
"बाई, डॉक्टर काय म्हणे?"
"खोकल्याचं औषध दिलं."
ती प्यायली. नंतर मी तिची पाठ चोळत बसले. कुठल्या तोंडानं!

१३ ऑक्टोबर
लिहवत नाही.

१५ ऑक्टोबर
सांगितलं. परसात, कपडे वाळत घालताना.

"बीजच हालत नाही म्हन्ता?" गंगू चक्क हसली. "अन् ते हिरीबाई मलेच कडू पाजून राह्यली!"

मग लुगडं पिळता पिळता थांबली.
"तुमाले कवा समजलं?"
"सोमवारी."
"मंग बुधवारी काढा काहून देल्ला?"

मी बादलीतलं पुढचं कापड उचललं. तिनं लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

१६ ऑक्टोबर
गंगू बोचकं बांधतेय. केनवडला चालली, कायमची. यांनी अडवायचं सोडून तोंड फिरवलं. आता या घरात माझाही पाय ठरत नाही, आणि मला माहेरी कुणी उरलेलं नाही. तिला विचारणार आहे — मलाही नेशील का? नाहीच म्हणेल.