निळ्या काचेचा अभाव

चि. बाळ यास,

भावोजींचे आशीर्वाद. इकडे प्रकृती ठीक आहेत, म्हणजे तुझ्या ताईचा गुडघा जिन्यावर बोलतो आणि सपाटीवर गप्प बसतो, आणि माझं पित्त जुन्या शिरस्त्याप्रमाणे चालू आहे. तुझी प्रकृती उत्तमच असणार. रागावलेल्या माणसाला सर्दीसुद्धा होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. रविवारीही असतोस. पत्राला असं सांगता येत नाही, ते आपलं टेबलावर पडून राहतं.

आधी कामाचं. तू तडकाफडकी गेलास तेव्हा दुर्बीण, कॅमेरा, वायरी असा सगळा संसार गच्चीवरच्या खोलीत टाकून गेलास. कॅमेऱ्यापुढे लावायच्या काचांच्या डबीत तीन खाचा आहेत. लाल काच आहे, हिरवी आहे, निळीची खाच रिकामी आहे. ती तुझ्या कोटाच्या खिशात गेलेली दिसते. वैशेषिक तत्त्वज्ञांनी अभाव हाही एक पदार्थ मानला आहे (शिकत असताना मला हे हसू येण्यासारखं वाटलं होतं), पण सध्या आमच्या घरातला सर्वांत मोठा पदार्थ म्हणजे ही न दिसणारी काच. तरी ती घेऊन यावीस. पाठवू नकोस, घेऊन ये. पोस्टात काच फुटते.

मला काच कशाला, असं तुला वाटेल. तर सांगायचं म्हणजे मी गुरू ग्रहाचे फोटो काढू लागलो आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझी दुर्बीण त्या खोलीत, कुणी बस न म्हटलेल्या पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी होती. ताई रोज तिच्यावरची धूळ पुसायची. ती तुझं नाव काढत नाही, आणि हे नाव न काढणं सकाळी दूधवाल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत अखंड चालू असतं. घरात इतकी शांतता मला झेपत नाही, म्हणून मी यंत्राला हात घातला.

पहिली अडचण आली ती खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून. हे गृहस्थ गच्चीवर फेऱ्या मारायला येतात आणि समोरच्याने तोंड उघडलं की आत डोकावतात. त्यांनी विचारलं, एवढा महागाचा कॅमेरा, आणि काळापांढरा? रंगीत मिळाला नाही का तुमच्या मेहुण्याला? मी त्यांना तू मला सांगितलेलं सगळं सांगितलं, पण माझ्या भाषेत. म्हटलं, रंगीत कॅमेरा म्हणजे घाईचा वाचक. त्याच्या प्रत्येक बिंदूला एकच रंग वाटून दिलेला असतो, बाकीचं तो शेजाऱ्याकडे बघून अंदाजाने भरतो. आपला कॅमेरा पंडित आहे. त्याला रंग कळतच नाहीत, फक्त उजेड किती ते कळतं, पण ते प्रत्येक बिंदूला पुरतं कळतं. मग समोर लाल काच धरायची, नंतर हिरवी, नंतर निळी, असा आधी पदच्छेद करायचा आणि शेवटी तिन्ही चित्रं एकावर एक बसवून अन्वय लावायचा. आमच्या छापखान्यात रंगीत मुखपृष्ठ असंच निघतं, एकेक रंग वेगळा. डॉक्टर विचारात पडले आणि म्हणाले, म्हणजे शेवटी रंगीतच करायचाय ना? या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

शिवाय हे सगळं चटचट उरकावं लागतं. 'गुरु' म्हणजे जड हे आम्ही लहानपणी घोकलं, पण इतका जड असामी स्वतःभोवती इतक्या लगबगीने फिरत असेल असं कुठल्या कोशात नव्हतं. काच बदलताना आपण चष्मा शोधत बसलो तर तोवर त्याचा तांबडा डाग पुढे सरकलेला असतो.

आता त्या दुलईचं. तुझी बाजू तुला पाठ आहे, म्हणून मी गच्चीची बाजू सांगतो. तू रोज संध्याकाळी दुर्बीण बाहेर ठेवायचास, आतला आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हावा म्हणून. तू जेवायला खाली आलास की ताई वर जाऊन तिला दुलईत गुंडाळायची, दव बाधेल म्हणून, आणि तुझं ताट संपत आलं की दुलई काढून घडी करून ठेवायची. तिला वाटायचं, गारठ्यात उभं केलेलं काहीही आजारी पडतं. आरसा उबदार, नळीत गरम हवा, आणि तुझा गुरू रोज उकळत्या पाण्यात पडल्यासारखा. तू कॅमेऱ्याला बोल लावलेस, वाऱ्याला लावलेस, डॉक्टरांच्या गच्चीवरच्या फेऱ्यांनाही लावलेस. मग एकदा जेवण अर्धं टाकून वर गेलास आणि दुलई पाहिलीस. तिथवर तुझं बरोबर होतं.

पण पुढे तू म्हणालास, "मलाही जन्मभर असंच गुंडाळून ठेवलंस, ताई." तिने दुलईची घडी केली, ती नीट बसली नाही, म्हणून उलगडून पुन्हा केली. आई गेल्यावर जिने तुला वाढवलं तिला दुसरं येत तरी काय होतं, हे मी तुला सांगणार नाही. सांगायला मी कोण, मी बाहेरून आलेला.

तर मागच्या आठवड्यात मी दुपारीच दुर्बीण बाहेर काढून ठेवली. दिवेलागणीला गुरू वर आला होता. ताई जिन्याच्या दाराशी येऊन उभी राहिली, हातावर दुलई. "नको ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नको." ती तशीच उभी राहिली आणि मग ती दुलई तिने स्वतःच अंगाभोवती घेतली. मी लाल काच लावून चित्रफीत घेतली, मग हिरवी लावून घेतली. कॉम्प्युटरने त्यातल्या थरथरत्या चौकटी गाळून स्थिर तेवढ्या एकत्र केल्या (मुद्रितं तपासताना अशी सोय असती तर माझे डोळे शाबूत राहिले असते), आणि पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांचा, स्वच्छ, करडा गुरू उभा राहिला. ताई वाकून बघत राहिली. म्हणाली, "बाळ्यानं हे बघायला हवं होतं." आणि लगेच, "म्हणजे यंत्र त्याचं, म्हणून."

मग मी अन्वय लावला. निळा नसल्यामुळे गुरू पिवळाजर्द निघाला, कावीळ झाल्यासारखा. ताई म्हणाली, आजारी दिसतोय, आणि तिचा हात अंगावरची दुलई सोडवायला गेला, हे मी पाहिलं. मी म्हटलं, निळी काच नाही ना. ती "नसेल" म्हणाली आणि झपझप खाली गेली. गुडघा त्या दिवशी काही बोलल्याचं ऐकू आलं नाही.

असो. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडली जाते, हवा खेळावी म्हणून. दारावरची बेल वाजली की दार मी उघडायचं नसतं. एवढं सोडलं तर घरात विशेष काही नाही. तब्येतीला जप, अर्थात कुणी आठवण न करता.

तुझा,
भावोजी

ता. क. : डॉक्टरांचं म्हणणं असं की, निळी काच दुकानात नवी मिळते, त्यासाठी मेहुण्याला कशाला त्रास. मिळत असेल. मी चौकशी केलेली नाही आणि करणारही नाही.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी शर्टाचं बटण तुटलं, म्हणून ताईचा सुईदोऱ्याचा डबा उघडला. तळाशी तुझी शाळेतली लोकरी कानटोपी होती. कानटोपीत फलालीन, फलालिनीत कापूस आणि कापसात निळी काच. मी सगळं होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि बटण न घेताच डबा बंद केला. तेव्हा वर लिहिलेलं काही खोडत नाही. काच तुझ्याच खिशात आहे आणि ती घेऊन तुलाच यायचं आहे. आल्यावर खिशात नाही म्हणून घरभर शोध. पलंगाखाली बघ, गच्चीवर बघ, ताईलाही शोधायला लाव. सुईदोऱ्याच्या डब्याकडे मात्र निदान आठवडाभर तरी फिरकू नकोस. तोवर मी बिनबटणाचा हिंडेन.