दोन मिनिटांचा दम

अब्बा, तुमची गाडी आठवडाभर एका गॅरेजात बॉनेट उघडं टाकून उभी आहे, आणि ते गॅरेज तुमचं नाही. तुमचं दुबईतलं, अल कुसैसचं गॅरेज तुमच्या पार्टनरने केव्हाच विकलं, तिथे आता टायरवाला बसतो. तुम्ही गेलात त्याला आठ वर्षं झाली. गाडी तेवढी माझ्या वाट्याला आली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. आता इंजिनात हवा कोंबून जोर वाढवणारा तिचा टर्बो शिट्टी घालायला लागलाय आणि सकाळी सुरू केली की मागून निळा धूर येतो, म्हणजे तो बदलायला हवा. प्रश्न एवढाच होता, की आहे त्याच मापाचा बसवायचा की मोठा. मला मोठा हवा होता. का, ते स्पष्टच सांगते, तुम्हाला तो आवडला नसता म्हणून. कुणी गिऱ्हाईक मोठा टर्बो मागायला आलं की तुम्ही म्हणायचात, "ये झूठा दम है भाई, इंजिन में जितना है उतना ही मांगो," आणि त्याला चहा पाजून परत पाठवायचात. मी ठरवलं होतं, तुमच्याच गाडीत तो खोटा दम भरायचा आणि तुम्ही निजलात त्या कबरस्तानासमोरून ती सगळ्या आवाजानिशी न्यायची. पासिंगला अडकली तर अडकली. तुमच्या नातीला हे सांगितलं तर तिने फोनमधून मान वर न करता विचारलं, "मम्मा, हू आर यू रेसिंग? नाना?" मी म्हटलं, हो.

तो गुरुवार तुम्हाला आठवत नसेल. मी एकोणीस वर्षांची, दीड तासावर अल ऐनला कॉलेजात, आणि तुम्ही पहिल्यांदाच मला ही गाडी आठवडाभरासाठी दिलेली. किल्ली देताना एकच अट घातलीत. लांबून आलीस की लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची, दम घेऊ द्यायचा तिला, कारण टर्बो आत लालबुंद तापलेला असतो आणि इंजिन बंद होऊन तेल थांबलं की तो जळतो. मी दुपारी कुसैसला पोचते, गॅरेजसमोर गाडी लावते. तासाभराने तुम्ही ती सुरू करता आणि टर्बो किंचाळतो. तुम्ही हात पुसत गाडीतून उतरता. तुमचा पार्टनर, गिऱ्हाइकं, दोन पठाण ड्रायव्हर, सगळे मिळून सहा पुरुष बघत उभे आहेत. "दम घेऊ दिलास तिला?" तुम्ही विचारता. "दिला, अब्बा. दोन मिनिटं." मग तुम्ही मराठी सोडून हिंदीवर येता, म्हणजे सगळ्यांना नीट कळावं. "झूठ. लडकी के हाथ में गाडी दी, मेरी ही गलती. टर्बो खा गई."

टर्बो खाल्ला हिने. हे वाक्य तुम्ही मरेपर्यंत वापरलंत. किल्ली त्याच दिवशी काढून घेतलीत, पुढची सगळी वर्षं मी बसने अल ऐनला गेले. माझ्या निकाहात सासरच्यांना आग्रहाने बिर्याणी वाढता वाढता तुम्ही म्हणालात, टर्बो खाल्लेली मुलगी आहे, किल्ल्या जपा. सगळे हसले, मीही हसले. माझा नवरा आजही किल्ली हातात देताना तोच विनोद करतो. त्याचा राग येत नाही मला, तुमचा येतो.

परवा गॅरेजवाल्याने फोन करून बोलावलं. मलबारी आहे, कमी बोलणारा. जुना टर्बो काढून त्याने टेबलावर ठेवला होता, आणि त्याला तेल नेणारी बारीक नळी शेजारी. नळीच्या तोंडाशी लाल सिलिकॉनचा नखाएवढा गोळा. तुमचं लाल सिलिकॉन, अब्बा. जिथे तिथे लावायचात तुम्ही ते, तुमच्या हातून गेलेल्या गाडीखाली तेलाचा एक थेंब दिसता कामा नये म्हणून. जोडावर बाहेरून अंगठा फिरवलेला, त्याच्या रेषाही तशाच. "मॅडम, इधर सिर्फ पत्रे का पॅकिंग आता है," तो म्हणाला. "सिलिकॉन अंदर जाके तेल का रास्ता बंद करता है. ये किसी अनाडी का काम है." मला नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, आणि तो शब्द त्याच्याकडून आणखी एकदा वदवून घेतला. कुणाचं काम ते मात्र सांगितलं नाही. पहिला जळल्यावर तुम्ही हा दुसरा टर्बो बसवलात आणि गाडी ताशी ऐंशीच्या वर कधी नेली नाहीत, म्हणून तो अर्ध्या तेलावर इतकी वर्षं तगला. पहिलाही तुम्हीच बसवला होता, याच हाताने, याच सिलिकॉनने. तो गोळा मी औषधाच्या रिकाम्या डबीत घालून घरी आणला. रस्ताभर मला इतकं बरं वाटत होतं की सांगायची सोय नाही.

आणि तिथेच माझा बेत फिरला. मोठा टर्बो उद्या जळला तर खरे तुम्हीच ठराल. म्हणून तुमच्याच मापाचा बसवायचा, कोरड्या पॅकिंगवर, आणि मी चालवून तो टिकवून दाखवायचा. तुम्हाला खोटं पाडायला तोच पुरेल. गॅरेजवाल्याने विचारलं, "बडावाला नहीं, मॅडम?" मी म्हटलं, "खलास. छोटाच." गाडी उद्या मिळेल. आधी कबरस्तानात यायचं, ती डबी तुमच्या उशाशी ठेवायची आणि हे पत्र वाचून दाखवायचं, असं ठरवून लिहायला बसले होते.

आता नाही आणणार. डबी आणि पत्र दोन्ही गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये राहतील. कारण त्या गुरुवारी मी दोन मिनिटं थांबले नव्हते, अब्बा. दोन सेकंदही नाही. अल ऐनपासून लघवी दाबून आले होते. तुमच्या गॅरेजात बाईमाणसाची सोय नव्हती, शेजारच्या कॅफेटेरियातून बाथरूमची किल्ली मागून आणावी लागायची. गाडी बंद केली आणि पळाले. त्या सहा पुरुषांसमोर हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? एकटीला बाजूला घेऊन विचारलं असतंत तर सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेव्हाही नसतं सांगितलं. खोटं बोलले, ते कबूल. पण टर्बो मी खाल्ला नाही. निदान एकटीने नाही.