कोकोचा अर्धा पेला

भिंगार, नगर
मंगळवार, २० नोव्हेंबर १९४५

पुष्पीच्या वडिलांस,

सौ. मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. देवीच्या कृपेने आम्ही सगळी खुशाल आहोत. पुष्पीचे पुढचे दोन दात पडले आणि ती जास्तच बोलायला लागली आहे. आत्याबाई बऱ्या आहेत. बऱ्या म्हणजे किती, ते पुढे येईलच.

तुमच्या पलटणीतले आसारामभाऊ लंकेहून रजेवर आले तेव्हा तुम्ही दिलेली थैली पोचती करून गेले. आत बदामासारख्या तांबूस बिया. म्हणाले, "तुमच्या कानिफनाथानं सांगितलंय, आईला म्हणावं कॉफी पुरे झाली, आता हा कोको पी." तुमचा हा निरोप ऐकला आणि आत्याबाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी चुलीकडे.

आता सांगूनच टाकते. तुम्ही पलटणीत गेलात त्या दिवसापासून आत्याबाईंनी कॉफी सोडली आहे. लेक घरी येईपर्यंत शिवणार नाही, असं मोहट्याच्या देवीला बोलल्या आहेत. छावणीत मडमेची मुलं सांभाळताना जडलेली ती सवय. जेवण चुकलं तरी कॉफी चुकायची नाही, हे तुम्ही जाणताच. सुरुवातीला डोकं धरून भिंतीशी बसून राहायच्या. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे. देवी माझं काय करायचं ते करो.

बिया आसारामभाऊंनी सांगितल्याप्रमाणे मंद आचेवर भाजल्या. आधी आंबूस वास आला, मी नाक मुरडलं. मग एकेक बी तडतडायला लागली आणि जो वास सुटला, काय सांगू! शेजारचे गनीभाई बेकरीची भट्टी तशीच टाकून दारात आले. "वहिनी, काय भाजताय? माझ्या पावाचा वास मलाच येईना की!"

टरफलं पाखडून टाकली, दाणे कुटले आणि कॉफीसारखे उकळले. त्यापेक्षा कारल्याचा काढा बरा. गनीभाईंनीही एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "लई जाड ऱ्हायलंय. पाट्यावर वाटून बघा."

पाटा उन्हात तापला होता. वाटायला घेतलं आणि माझा हातच थांबला. पाण्याचा थेंब नाही, तेलाचं बोट नाही, आणि त्या कोरड्या दाण्यांचा लगदा झाला, लगद्याचा रस झाला, काळाभोर, चकाकता. मी हाक मारली तशा आत्याबाई गुडघे धरत आल्या. "अगं बया, दगडाला पाझर फुटला का काय!" आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. पुष्पीसुद्धा गप्प बसली, यावरून काय ते ओळखा.

गूळ, दूध आणि जायफळ घालून उकळलं. मी पेला पुढे केला तर म्हणतात, "देवीला काय सांगू?"

"कॉफी सोडली म्हणून सांगितलंय ना? ही कॉफी न्हाई, झाडच येगळं हाय," मी म्हटलं.

"व्हय, कॉफी न्हाई ही," असं स्वतःलाच समजावत त्यांनी पेला उचलला. एक घोट घेतला. डोळे मिटले. अर्धा पेला झाला तरी उघडेनात. मी घाबरून हात लावला तर गालावर पाणी. "मने, आमी आजवर काय पेत हुतो गं? असलंबी काही ह्या धरतीवर उगवतं?"

आणि पेला खाली ठेवला.

"का हो, आत्याबाई?"

"जिवाला लई आवडंल तेच सोडायचं असतं. ह्याच्याम्होरं कॉफी काय सोडली नि काय धरली. आता हे सोडलं. तो आला की त्याच्या हातचं पेईन." उरलेल्या बिया डब्यात भरून देव्हाऱ्यात ठेवल्या आहेत. रोज हळदकुंकू वाहतात.

आता जे टाळत आले ते लिहिते. आसारामभाऊ जाताना दारात घुटमळले. खालमानेने म्हणाले, लढाई सरली तरी कानिफनाथ तिकडेच राहायचं म्हणतो, कोकोच्या मळ्यावर मुकादमी देऊ केलीय. तुम्ही स्वतः लिहिलं नाहीत म्हणून मी खरं मानलं नाही. आत्याबाईंना सांगितलं नाही. लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं, अशी मनाची समजूत घातली.

पण त्यांचा उरलेला अर्धा पेला मी प्याले. तेव्हा मला कळलं. असं झाड जिथे उगवतं, ज्याच्या बीत एवढा सुवास आणि दगडावर वाहणारा रस देवाने भरून ठेवला आहे, त्याच्या सावलीतून माणसाचा पाय निघत नसेल. मी तुम्हाला दोष देत नाही. कळलं म्हणूनच मला भीती वाटली, फार वाटली.

एवढंच सांगते. तुमच्या आईने असला पेला अर्ध्यावर खाली ठेवला. तुम्ही त्यांच्याच पोटचे आहात.

पाटा धुऊन भिंतीशी उभा केला आहे. तो तुम्ही येऊन आडवा घालायचा.

तुमचीच,
मनकर्णा