काडीने मापलेले बूट

वाणगावजवळचा पाडा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. दीपिकास आजी कमळीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या वसतिगृहात फोन धरू देत नाय, म्हणून अंगणवाडीच्या रंभाबाईंना धरून बसवलंय. मी बोलते, त्या लिहितात, मधेच मान हलवतात.

भाजीवाल्या झिपरूच्या टेम्पोतून बूट पाठवलेत. दिवाळीत तू झोपलेली असताना मी तुझ्या तळव्याला गवताची काडी लावून तोडली होती. तीच घेऊन तुझा बाप बोईसरच्या बाजारात गेला. दुकानदाराने नंबर विचारला, तर यानं काडी पुढे केली.

तेवीस तारखेला बोईसर ते तारापूर दहा किलोमीटर पळायचं, आणि पोरींत पहिली येईल तिला पालघरच्या खेळाच्या केंद्रात दोन वर्षं राहायला, शिकायला मिळणार, हे कळलं. नाय आलीस, तर दोन डिसेंबरला वीटभट्टीचा ट्रक येतोय. तुझ्या बापाने मुकादमाला तुझं नाव आधीच सांगून ठेवलंय. तू हरशील हे धरूनच चाललाय, बापच तो. आई रडते, पण गाठोडं तीही बांधते.

थंडी पडलीय. कान बांधून पळ. माकड दिसशील, पण ते तशीही दिसतेस.

आठवण ठेव, नायतर ठेवायला लावीन.
आजी (आंगठा)

बोईसर,
१५ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

बूट मिळाले. लांबीला अगदी बरोबर. तुझ्या काडीला रुंदी मात्र कळली नाही. भाताच्या चिखलात पसरलेले माझे पंजे, आत बोटं एकावर एक चढतात. दुकानदार म्हणाला, वापरलेले बूट परत घेत नाही. अनवाणी पळते म्हटलं, तर आमचा सराव घेणारे कमलाकांत सर म्हणाले, बूट नसले तर रेषेवर उभंच करत नाहीत.

पहाटे सरावाला तोंडातून वाफ निघते. माझ्या बरोबरीची एकच आहे, केळव्याची उत्कर्षा. तिचे वडील पाणी घेऊन स्कूटरवरून तिच्या बाजूने चालतात. माझ्या बाजूने कुत्री पळतात. तरी काल मी पुढे होते.

आजी, मला भट्टीवर जायचं नाही. हे आईला वाचून दाखवू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे, टोमणे कमी केलेस तर चालेल.
दीपिका

पाडा,
१९ नोव्हेंबर

चि. दीपिकास अ. आ.

पत्र ऐकलं. आईला नाय सांगितलं, तिला माहीत हाय.

बूट घालून रेषेवर उभी राहा, आणि अर्ध्या वाटेत काढून टाक. लोक पुढं कोण हाय ते बघतात, पायात काय हाय ते कोण बघतोय? डोक्यावर मोळी घेऊन मी जन्मभर वाणगाव स्टेशन गाठलं, मला कुणी बूट विचारले नाय. सरांना विचारू नको. शिकलेली माणसं विचारलं की नाय म्हणतात.

त्या उत्कर्षाला सांग, बापाला पळव आणि स्कूटरवर तू बस.

तुझ्या पायांना मी विचारलंय म्हणावं.
आजी (आंगठा)

बोईसर,
२४ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी पहिली आले, पण पहिला नंबर त्यांनी उत्कर्षाला दिला. कसं ते लिहिते.

सकाळी एका माणसाने सगळ्यांच्या बुटाच्या नाडीत बटणाएवढी चिप बांधली. भोंग्यावर हिंदीत काही सांगत होते, मी पायांकडे बघत होते. पाचव्या किलोमीटरला अंगठ्याचं नख उचकटलं. तू सांगितलेलं आठवलं. एका टपरीच्या बाकाखाली बूट ठेवले आणि पळाले. थंड डांबर काय बरं लागलं. उत्कर्षा मागे, स्कूटर मागे. फीत माझ्या छातीला लागून तुटली.

पण कॉम्प्युटरमध्ये माझं नावच नाही. शेवटी रस्त्यावर चटई असते, तिच्यावरून चिप गेली तरच वेळ लागते. चिप बुटात, बूट टपरीत. सर भांडले, फोटो दाखवले. शर्यतवाले म्हणाले, आम्हाला दिसलं, मशीनला दिसलं नाही. आणि वर म्हणाले, चिप आणून द्या.

मी पाच किलोमीटर चालत मागे गेले, बूट हातात घेऊन परत आले. चटईवरून जाताना मशीन वाजलं. माझं नाव लागलं, तीन तास, सगळ्यांच्या शेवटी. मंडप सोडणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजी, तुझं ऐकलं नसतं तर फक्त नख गेलं असतं.

कळवावं असं आणखी काही नाही.
दीपिका

पाडा,
२८ नोव्हेंबर

चि. दीपिकास अ. आ.

वाचताना रंभाबाईंनी एक ओळ गाळली. त्या अडखळल्या तिथं मला कळलं. मी अडाणी हाय, बहिरी नाय. ती ओळ दोनदा वाचून घेतली. बरोबर लिहिलंयस.

काल मुकादमाकडे गेले. म्हटलं, पोरीच्या जागी मला घे. बाजारात बैल बघावा तसे त्याने माझे हात उलटेपालटे करून बघितले. म्हणाला, म्हातारे, दिवसाला किती विटा उचलशील? म्हटलं, मला मोजता येत नाय, तूच मोज. हसला, चहा पाजला, आणि तुझं नाव होतं तसं ठेवलं. घरी आले तर तुझा बाप चिडलेला, मी अब्रू घालवली म्हणे.

सोमवारी ये. अंगठ्याला हळद लावून फडकं बांध. मंगळवारी सकाळी ट्रक नाक्यावर येईल. पोरीला उशीर झाला तर, म्हणून तुझी आई माझा जीव काढते. मी म्हटलं, होऊ दे. तू पळत येऊ नको. तो ट्रक सगळ्यांसाठी थांबतो.

रागाने का होईना, आठवण काढत जा.
आजी (आंगठा)