तीन फ्लॅशची वाटणी

घडले ते असे:

१. दि. १९ नोव्हेंबर २००३, सकाळी अकरा. हडपसरच्या माझ्या स्टुडिओत मी बिघडलेला फ्लॅश उघडला.

२. सेल काढले होते. आतला वीज साठवणारा कपॅसिटर मात्र भरलेला होता. तो आधी रिकामा करायचा असतो. पदविकेच्या परीक्षेत मी हेच उत्तर लिहिले होते. चूक माझी.

३. शॉक बसून मी पडले. भागीदार रुपाली साबळे हिने रिक्षाने दवाखान्यात नेले.

४. दुपारी शुद्ध आली. खाटेशेजारी घरचे, म्हणजे आई, वडील आणि दोघे भाऊ, इंद्रजीत व अभिनव, बोलत होते.

धाकटा भाऊ इंद्रजीत: "तीन फ्लॅश हायती. एक मला, एक अभिनवला."

आप्पा: "तिसरा गोठ्यात लावू. लाइट लय जाती."

आई: "अवो, ती जित्ती हाय अजून."

५. मी डोळे उघडले नाहीत. उघडता आले असते.

सबब मी, ऋतुजा आप्पासाहेब दरेकर, वय २७, छायाचित्रकार, रा. खराडी, पुणे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण मी शुद्धीवर कधी असते याबद्दल घरात गैरसमज आहे.

कलम १. बँकेतील शिल्लक आईला, मथुराबाईंना. सही तिची एकटीची. कारण वर क्र. ४ मध्ये आहे.

कलम २. तिन्ही फ्लॅश, जोडतारा व कॅमेरा रुपालीला, एकत्र. वाटणी करू नये. यात भावनेचा प्रश्न नाही. तिन्ही फ्लॅशचा मिळून जो उजेड भिंगातून आत येतो, तो कॅमेरा मोजतो आणि फिल्मला पुरेसा झाला की तिन्हींनाही एकाच क्षणी बंद करतो. तार काढली की हे मोजमाप संपले.

रुपालीने एकदा विचारले होते, "मशीन मोजतंय ना, मग तू टेप घेऊन का फिरतेस?"

"मशीन नुसती बेरीज करतं. कुणाचा वाटा किती, ते अंतरावर ठरतं."

आता रुपाली ती अंतरे पावलांनी मोजते. टेपपेक्षा जास्त चुकत नाही.

कलम ३. आप्पांच्या माहितीसाठी: फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता लागतो. तेवढ्यात धार काढून होणार नाही. गोठ्यासाठी माझा चार्जिंगचा दिवा घ्यावा.

कलम ४. खराडीची जमीन बिल्डरला देताना मी भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले. इंद्रजीत म्हणाला होता, "ताई, सही इथं. वाचतीस काय?" मी वाचले आणि सही केली. त्याच नमुन्याचे हक्कसोडपत्र, जमिनीच्या जागी 'तीन फ्लॅश' घालून, भावांच्या सहीसाठी सोबत जोडले आहे. बाकी मजकूर तोच ठेवला आहे.

स्थळ: पुणे. दि. १ डिसेंबर २००३.
सही: ऋतुजा आ. दरेकर
साक्षीदार: १. दिगंबर शेवाळे, २. दीपमाला कुदळे

इंद्रजीत व अभिनव यांस: सोमवार, दि. १५ डिसेंबरपर्यंत उत्तर मिळावे. वाचून सही करावी.