मैदानात कोण ओरडलं?

१६ फेब्रुवारी, रविवार
गावच्या उद्धवरावांचा होणारा जावई हेलिकॉप्टरने येणार म्हणून अख्खं नेरडीगोंडा गाव आमच्या शाळेच्या मैदानावर लोटलं होतं. मधोमध चुन्याचा गोल. कडेला घमेल्यात ओला कडबा पेटवलेला – धुरावरून पायलटला वारा कळतो म्हणे. धूर राखायचं काम आमचा अटेंडर, म्हणजे शाळेचा शिपाई, मोतीराम याच्याकडे. इस्त्रीचा सदरा घालून आला होता!

हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं. नुसता फुफाटा! पोरं गोलाकडे धावली, मी त्यांच्यामागे ओरडत. तेवढ्यात मोतीरामने पाण्याची बादली थेट धुरावर ओतली. का?? हेलिकॉप्टर भेलकांडलं, शेपूट कुंपणाच्या भिंतीला लागलं आणि ते आडवं झालं. नवरदेवाचा हात मोडला. पायलट शुद्धीवर नाही. मला काहीच उमगत नाही.

१७ फेब्रुवारी
लग्न आदिलाबादच्या दवाखान्यात लागलं. एका हाताने मंगळसूत्र!

१८ फेब्रुवारी
चौकशीला दोन साहेब आले. मोतीराम एकच सांगत होता – "कोनीतरी आग आग म्हनून वरडलं, साहेब. बाईमानसाचा आवाज होता. मले वाटलं ठिणगी उडाली, म्या इझवलं." साहेब हसले. मग मला विचारलं. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होते. आग म्हणून कोणी ओरडलं नाही. तसाच जबाब लिहून दिला, सही केली. खरं तेच सांगितलं ना मी?

२० फेब्रुवारी
मोतीराम सस्पेंड. गाव म्हणतं, प्यायला होता. बारा वर्षांत चहापलीकडे काही पिताना मी त्याला पाहिलेलं नाही.

संध्याकाळी त्याची बायको पंचफुला दारात. "बाई, तुमी तं तिथंच होत्या. मंग ह्याइलेच काऊन आयकू आलं?" उलट तिच्यावरच खेकसले. ती आल्या पावली परत गेली. लाज वाटते आहे, आणि राग कुणाचा येतोय तेही कळत नाही.

२१ फेब्रुवारी
पायलट बोलू लागला. धूर अचानक गेला, वारा कळेना, असं म्हणाला. संपलंच मोतीरामचं!

२२ फेब्रुवारी
अर्पिताला फैलावर घेतलं. वाक्यागणिक तेलुगू! मराठी घरातली लेक ना तू? तर म्हणते, "आई, शाळेत तू काय बोलतेस ते ऐक एकदा." उद्धट कार्टी! मी? माझं मराठी कसं चोख आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मोतीराम शाळेच्या किल्ल्या परत द्यायला आला. मधली सुट्टी होती. पोरं फाटकातून हायवेकडे सुटली, आणि मी नकळत ओरडले – "आगु! आगु!" तेलुगूत 'थांब'.

पोरं थांबली. मोतीरामने किल्ल्या टाकल्या आणि फाटकाजवळची बादली उचलली.